विश्लेषण : रात्रीपुरते पालक! एकट्या आलेल्या आश्रयार्थी मुलांच्या बालगृहांतील रात्रपाळी कशी चालते?

इंग्लंडमध्ये डोव्हरच्या किनाऱ्यावर पोहोचणाऱ्या छोट्या बोटींत आई-वडिलांशिवाय आलेली मुलेही असतात. इंग्लंडच्या कायद्यानुसार त्यांच्या पालनाची जबाबदारी स्थानिक प्रशासनावर येते. दिवसा त्यांच्याभोवती समाजसेवक, शिक्षक, दुभाषे, वकील अशी मंडळी असतात. रात्री दहानंतर मात्र बालगृहात बहुधा एक किंवा दोन कर्मचारी उरतात. झोप न लागणे, दुःस्वप्ने, गावाकडचे फोन, तस्करांचा तगादा, कोणालाही न सांगता निघून जाणे, यातले बरेच काही नेमके याच वेळेत घडते. तरीही आश्रयार्थींविषयीच्या राजकीय चर्चेत या रात्रपाळीचा उल्लेख क्वचितच येतो. ही पाळी कशी चालते, कायदा काय सांगतो आणि त्रुटी कुठे आहेत, याचा आढावा.

ही मुले कोण?

वय १८ पेक्षा कमी, सोबत आई किंवा वडील नाहीत, कायद्याने वा रूढीने सांभाळ करणारी दुसरी प्रौढ व्यक्तीही नाही आणि स्वतःच्या नावाने आश्रयासाठी अर्ज केलेला, अशी या मुलांची व्याख्या आहे. इंग्लंडमध्ये ३१ मार्च २०२४ रोजी स्थानिक प्रशासनांच्या देखभालीखाली अशी ७,३८० मुले होती. देखभालीखालील एकूण मुलांमध्ये त्यांचे प्रमाण सुमारे नऊ टक्के होते. त्यांतील बहुतेक मुलगे आणि तेही १६-१७ वर्षांचे. अफगाणिस्तान, सुदान, इरिट्रिया, इराण, सीरिया, इराकचा कुर्दिश भाग, व्हिएतनाम या ठिकाणांहून ती येतात. कोणी सक्तीच्या लष्करी सेवेतून सुटण्यासाठी निघालेला असतो, कोणाचे वडील मारले गेलेले असतात, तर कोणाला घरच्यांनी जमीन विकून किंवा कर्ज काढून पाठवलेले असते. लिबियातील कोठडी, भूमध्य समुद्र, कॅलेजवळचे तंबू अशा वाटेने येता येता वर्ष-दोन वर्षे गेलेली असतात.

अनेकांकडे जन्मदाखला नसतो. त्यामुळे वयाबद्दल वाद होतात. खरोखरच्या मुलाला प्रौढ ठरवले तर त्याला अनोळखी प्रौढांसोबत राहावे लागते. प्रौढाला मूल मानले तर बालगृहातील इतरांच्या सुरक्षेचा प्रश्न येतो. या दोन्ही शक्यतांचे ओझे रात्री ज्याच्या हाती किल्ल्या असतात त्याच्यावर पडते.

त्यांची जबाबदारी कोणाची?

इंग्लंडमधील १९८९ च्या बालक कायद्याच्या कलम २० नुसार, ज्या मुलाची पालकत्वाची जबाबदारी घेणारे कोणी नाही त्याच्या निवाऱ्याची सोय स्थानिक प्रशासनाने करायची असते. मूल त्या देशाचे नागरिक आहे की नाही, हा प्रश्न इथे येत नाही. ब्रिटिश कुटुंबातून बालगृहात आलेले मूल आणि बोटीतून आलेले मूल, दोघांचे हक्क कागदावर सारखेच. २०१७ च्या कायद्याने प्रशासनाने या मुलांचे ‘संस्थात्मक पालक’ म्हणून कोणती तत्त्वे पाळायची, हेही सांगितले आहे.

किनाऱ्यालगत असल्यामुळे केंट काउंटीवर सर्वाधिक भार येतो. म्हणून मुलांना देशभर वाटून देण्याची ‘राष्ट्रीय हस्तांतरण योजना’ २०१६ मध्ये सुरू झाली. ती आधी ऐच्छिक होती, २०२१ च्या अखेरीस सक्तीची करण्यात आली. एखाद्या भागातील बालसंख्येच्या ०.१ टक्के ही मर्यादा त्यासाठी ठरलेली आहे. केंद्राचे गृह खाते स्थानिक प्रशासनाला जे अनुदान देते त्याचा हिशेबही रात्रीवर चालतो. अलीकडच्या वर्षांतील दर प्रत्येक मुलामागे एका रात्रीसाठी १४३ पौंड, तर तुलनेने कमी मुले सांभाळणाऱ्या भागांसाठी ११४ पौंड असा आहे. या पैशांत घर, जेवण, कपडे, समाजसेवकाचे काम आणि रात्रपाळीचा पगार असे सगळे बसवायचे असते.

रात्रच अवघड का?

या मुलांच्या प्रवासात बऱ्याचदा चालणे रात्री आणि झोपणे दिवसा, असा क्रम असतो. सीमा अंधारात ओलांडायची, उजाडले की झुडपांत किंवा ट्रकमध्ये लपून राहायचे. खाडी ओलांडणाऱ्या बोटीही फ्रान्सच्या किनाऱ्यावरून बहुधा पहाटेपूर्वी सुटतात. कित्येक महिने रात्र म्हणजे जागे राहण्याची, सावध असण्याची वेळ होती. सुरक्षित खोली मिळाली म्हणून शरीर ती सवय एका दिवसात सोडत नाही. केंटमधील आरोग्यसेवेतल्या तज्ज्ञांनाही हे उलटलेले चक्र आढळले. मुलांना मंद दिवा, लव्हेंडरची सुगंधी पिशवी अशा साध्या वस्तूंचा संच देऊन आणि झोप म्हणजे काय हे समजावून सांगून ते सुलट करण्याचा प्रयत्न तिथे झाला.

यात केवळ सवयीचा भाग नाही. ब्रिटनमध्ये एकट्या आलेल्या २२२ अफगाण मुलग्यांचा अभ्यास ऑक्सफर्डमधील संशोधकांनी केला होता. आघातानंतरच्या मानसिक ताणाच्या चाचणीत त्यांतील सुमारे एक तृतीयांश मुलांचे गुण धोक्याच्या पातळीच्या वर होते. अशा ताणाची पहिली खूण झोपेत दिसते. कोणी दिवा मालवू देत नाही, कोणी अंगावरच्या कपड्यांनिशी आणि उशाशी बूट ठेवून झोपतो. कोणी पलंग सोडून दाराजवळ जमिनीवर अंग टाकतो, कोणी उशीखाली पोळीचा तुकडा ठेवतो. शाळेत वर्गात डुलकी घेणारा मुलगा आळशी वाटतो. तो रात्रभर जागा होता, हे फक्त रात्रपाळीच्या माणसाला माहीत असते.

रात्रपाळीत काम काय असते?

सुरुवात पाळीबदलाने होते. दिवसाचे कर्मचारी रात्रीच्यांना एकेका मुलाबद्दल सांगतात. कोणाची आश्रयाची मुलाखत उद्या आहे, कोणाला वकिलाचे पत्र आले, कोण जेवला नाही, कोणाचे कोणाशी बिनसले, अशी माहिती दिली जाते. औषधांची मोजणी होते, खिडक्या-दारे आणि आगीची सूचना देणारी यंत्रणा पाहिली जाते. त्यानंतर ठरलेल्या वेळांनी फेरी मारायची आणि प्रत्येक फेरीची नोंद वहीत करायची.

फेरी मारण्यातही शहाणपण लागते. कोठडीत राहून आलेल्या मुलाच्या तोंडावर टॉर्च मारला किंवा दार धाडकन उघडले, तर तो आधी पळायची वाट शोधतो. म्हणून हलके ठोठावायचे, आपले नाव सांगायचे, उत्तराची वाट पाहायची, हे नव्या कर्मचाऱ्याला आधी शिकावे लागते. आगीच्या भोंग्याची चाचणी रात्री होणार नाही, हे मुलांना त्यांच्या भाषेत सांगून ठेवावे लागते. कर्कश आवाजाने एखादा मुलगा पलंगाखाली शिरला, तर त्याला बाहेर ओढायचे नसते. थोड्या अंतरावर जमिनीवर बसून राहायचे असते.

भाषा हा रात्रीचा मोठा अडसर. पश्तो, दारी, तिग्रिन्या, अरबी, सोरानी कुर्दिश, व्हिएतनामी या भाषांचे दुभाषे दिवसा ठरवून मिळतात. रात्री अडीच वाजता फोनवरचा दुभाषा मिळेलच असे नाही. मग मोबाइलवरील भाषांतराचे अ‍ॅप, चार खुणा आणि चहा यांवर भागवावे लागते. स्वयंपाकघर म्हणूनच महत्त्वाचे. झोप न येणारा मुलगा खाली येतो, कर्मचारी किटली चढवतो, मुलगा अंडी फोडतो. समुपदेशकासमोर तासभर गप्प बसलेला मुलगा कधी कधी इथे, कांदा चिरता चिरता, भाऊ कुठे हरवला ते सांगतो. रमजानमध्ये पहाटेच्या सहरीची वेळ सांभाळणे आणि इरिट्रियातील ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती मुलांचे बुधवार-शुक्रवारचे मांस आणि दूध वर्ज्य असलेले उपास लक्षात ठेवणे, हेही याच कामात येते.

फोनचे घड्याळ वेगळे असते. हिवाळ्यात ब्रिटनमध्ये रात्रीचे दोन वाजतात तेव्हा काबूलमध्ये सकाळचे साडेसहा आणि अस्माऱ्यात पहाटेचे पाच वाजलेले असतात. घरची माणसे उठली की फोन वाजतो. आई आजारी आहे, सावकार दारात आला, गावावर हल्ला झाला, अशा बातम्या मुलाला एकट्याला अंधारात मिळतात. ज्यांचा घरच्यांशी संपर्कच तुटला आहे अशांसाठी ब्रिटिश रेड क्रॉसची शोधसेवा आहे, पण तिचे उत्तर यायला वेळ लागतो. ‘उद्या पाहू’ एवढेच रात्रपाळीचा माणूस सांगू शकतो, आणि खोटी आशा न लावता ते सांगावे लागते.

नोंदवहीचा प्रश्न नाजूक का?

रात्री पाहिलेले आणि ऐकलेले लिहून ठेवणे हा कामाचा भाग आहे. मुलाच्या दुःस्वप्नांची वेळच्या वेळी केलेली नोंद पुढे डॉक्टरला उपयोगी पडते, वकिलालाही. पण बालगृहातील कर्मचाऱ्यांची निरीक्षणे वयनिश्चितीच्या प्रक्रियेतही विचारात घेतली जाऊ शकतात. ज्याच्यापाशी मन मोकळे केले त्याच्याच वहीतून आपल्याविरुद्ध काही निघेल, अशी भीती मुलांना वाटते. काय लिहिले जाते आणि ते कोण वाचते, हे मुलाला आधीच समजावून सांगणे हा त्यावरचा उपाय. मधल्यामध्ये ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचन देणे मात्र कर्मचाऱ्याला परवडत नाही. मुलाच्या जिवाला धोका असेल तर त्याला ते सांगावेच लागते.

मुले बेपत्ता कशी होतात?

काही मुले ब्रिटनमध्ये पोहोचतात तेव्हाच त्यांच्या डोक्यावर तस्करांचे कर्ज असते. पोहोचल्यावर कोणता फोन लावायचा, हे त्यांना आधीच पाठ करून घेतलेले असते. म्हणून पहिले काही दिवस सर्वाधिक धोक्याचे मानले जातात. व्हिएतनामी मुलांना घरांत लपवलेल्या गांजाच्या लागवडीत किंवा नखे रंगवण्याच्या दुकानांत राबवल्याची प्रकरणे ब्रिटनमध्ये अनेक वर्षे समोर येत आहेत. घराबाहेर थांबलेली अनोळखी गाडी, मुलाकडे अचानक आलेला दुसरा मोबाइल, रात्री वारंवार येणारा एकाच क्रमांकाचा फोन, या खुणा ओळखणे रात्रपाळीच्या प्रशिक्षणात येते.

पण बालगृह म्हणजे तुरुंग नव्हे. न्यायालयाच्या परवानगीशिवाय मुलाला कोंडून ठेवता येत नाही. कर्मचारी समजावू शकतो, सोबत चालत जाऊ शकतो. मुलगा गेलाच तर पोलीस आणि प्रशासनाच्या रात्रकालीन समाजसेवकाला कळवतो. त्याचे छायाचित्र, कपडे, फोन क्रमांक, नेहमीच्या जागा ही माहिती आधीच भरून ठेवलेली असेल तर शोध लवकर सुरू होतो. मूल परतल्यावर ७२ तासांच्या आत त्याच्याशी एखाद्या स्वतंत्र व्यक्तीने बोलावे, असे मार्गदर्शक सूत्र आहे. तस्करीचा संशय असल्यास प्रकरण ‘राष्ट्रीय संदर्भ यंत्रणे’कडे पाठवले जाते.

हॉटेलांचे प्रकरण काय होते?

बालगृहात रात्री जागे माणूस असण्याने काय फरक पडतो, हे हॉटेलांच्या प्रकरणातून दिसले. केंटने नवी मुले स्वीकारणे थांबवल्यावर गृह खात्याने जुलै २०२१ पासून त्यांना थेट हॉटेलांत ठेवायला सुरुवात केली. ही हॉटेले म्हणजे बालगृहे नव्हती आणि मुले कोणत्याही स्थानिक प्रशासनाच्या देखभालीखाली नव्हती. जानेवारी २०२३ मध्ये तत्कालीन मंत्री रॉबर्ट जेनरिक यांनी संसदेत माहिती दिली, त्यानुसार तोवर सुमारे ४,६०० मुले अशा हॉटेलांत राहिली होती. ती बेपत्ता झाल्याच्या ४४० घटना घडल्या होत्या आणि २०० मुलांचा तेव्हाही ठावठिकाणा नव्हता. त्यांतील बहुसंख्य अल्बेनियाची होती.

बालहक्क संस्था ‘एक्पॅट यूके’ने या व्यवस्थेविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. जुलै २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने निकाल दिला. तातडीची गरज म्हणून अगदी थोड्या काळासाठी हॉटेलचा वापर समजू शकतो, पण तो नेहमीचा आणि पद्धतशीर करणे बेकायदा आहे, असे न्यायालयाने म्हटले. मुले नाकारणाऱ्या केंट काउंटीचेही चुकल्याचे ठरले. त्यानंतर ही हॉटेले बंद झाली.

‘जागती पाळी’ आणि ‘झोपेची पाळी’ यांत फरक काय?

बालगृहांत रात्रीच्या कामाचे दोन प्रकार असतात. जागत्या पाळीत कर्मचारी रात्रभर जागा राहतो आणि प्रत्येक तासाचे वेतन घेतो. एप्रिल २०२५ मध्ये २१ वर्षे आणि त्यावरील कामगारांसाठी किमान वेतन तासाला १२.२१ पौंड झाले होते. झोपेच्या पाळीत कर्मचाऱ्याने बालगृहातच झोपायचे आणि गरज पडल्यास उठायचे. त्यासाठी बहुधा ठरावीक रक्कम मिळते.

ही रक्कम किमान वेतनापेक्षा कमी असू शकते का, हा प्रश्न क्लेअर टॉमलिन्सन-ब्लेक यांच्या खटल्यात आला. त्या बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांची घरी राहून काळजी घेत. रात्री दहा ते सकाळी सात या नऊ तासांच्या झोपेच्या पाळीसाठी त्यांना एका तासाच्या वेतनासह २९.०५ पौंड मिळत. खालच्या दोन न्यायपीठांनी त्यांच्या बाजूने कौल दिला. अपील न्यायालयाने २०१८ मध्ये तो फिरवला आणि १९ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अपील न्यायालयाचा निर्णय कायम ठेवला. झोपण्याची मुभा असलेल्या पाळीत प्रत्यक्ष कामासाठी जागे असलेले तासच किमान वेतनासाठी मोजायचे, असा त्याचा अर्थ.

हा निकाल बालगृहांनाही लागू पडतो. संस्थेच्या दृष्टीने झोपेची पाळी स्वस्त. पण जिथे मुलेच झोपत नाहीत तिथे कर्मचारी तरी कसा झोपणार? दर वेळी उठल्याची नोंद केली तरच त्या वेळेचे पैसे मिळतात. मुलाजवळ शांत बसावे की घड्याळ पाहून वही भरावी, अशी ती ओढाताण असते. शिवाय आपल्या दारावर कान ठेवून झोपलेल्या माणसाला मुलगा पायऱ्या उतरल्याचे ऐकू येईलच याची खात्री नसते.

सोळा-सतरा वर्षांच्यांसाठी वेगळा नियम का?

सप्टेंबर २०२१ पासून १६ वर्षांखालील मुलांना नोंदणी नसलेल्या निवाऱ्यांत ठेवण्यास इंग्लंडमध्ये बंदी आहे. त्यांच्यासाठी बालगृह किंवा पालक-कुटुंब हाच पर्याय. १६-१७ वर्षांच्या मुलांना मात्र ‘साहाय्यित निवास’ दिला जाऊ शकतो. तो पुरवणाऱ्यांना ऑक्टोबर २०२३ पासून ‘ऑफस्टेड’कडे नोंदणी बंधनकारक झाली, ही सुधारणाच. परंतु या निवासाची संकल्पना ‘मदत’ देण्याची आहे, बालगृहासारखी ‘देखभाल’ करण्याची नाही. त्यामुळे तिथे रात्रभर कर्मचारी असेलच असे नाही. एकट्या आलेल्या मुलांतील बहुसंख्य याच वयाची असल्याने मोठा गट अशा ठिकाणी राहतो. हजारो किलोमीटर एकटा आला म्हणजे मुलगा स्वावलंबी आहे, असा समज त्यामागे असतो. पण सीमा ओलांडता येणे वेगळे आणि रात्री दोनला आलेली मृत्यूची बातमी एकट्याने पचवणे वेगळे. म्हणूनच १६-१७ वर्षांच्या मुलांनाही देखभालीचा हक्क असावा, अशी मागणी बालहक्क संस्था करीत आहेत.

कर्मचाऱ्यांवर काय परिणाम होतो?

ब्रिटनच्या १९९८ च्या कामाच्या वेळांविषयीच्या नियमांनुसार रात्रपाळीच्या कामगाराचे काम सरासरीने २४ तासांत आठ तासांपेक्षा जास्त नसावे आणि त्याला मोफत आरोग्य तपासणीची संधी द्यावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था रात्रपाळीला ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात ठेवते. बालगृहात त्यात दुसऱ्याच्या आघाताच्या कहाण्या रोज ऐकण्याचा ताण मिळतो. दिवसाच्या बैठका आणि समुपदेशकाचे मार्गदर्शन रात्रीच्या माणसाच्या वाट्याला कमीच येते, कारण तेव्हा तो घरी झोपलेला असतो. परिणामी माणसे टिकत नाहीत, रिकाम्या जागा एजन्सीच्या बदली कर्मचाऱ्यांनी भरल्या जातात. ज्या मुलाने वाटेत प्रत्येक ओळखीचा चेहरा गमावला, त्याच्या दारावर दर आठवड्याला नवा अनोळखी माणूस ठोठावतो.

अठराव्या वाढदिवसानंतर काय?

अठरा पूर्ण होताच मूल बालगृहातून बाहेर पडते. त्याला ‘देखभालीतून बाहेर पडलेला तरुण’ म्हणून सल्लागार आणि काही मदत मिळत राहते, पण रात्री खाली स्वयंपाकघरात कोणी बसलेले नसते. आश्रयाचा निर्णय तोवर झालेला नसेल तर अनिश्चितता आणखी वाढते. आश्रय मिळाला तरी मुलाला आई-वडिलांना ब्रिटनमध्ये बोलावून घेण्याचा हक्क तिथल्या नियमांत नाही. नोव्हेंबर २०१७ ते फेब्रुवारी २०१९ या काळात एकट्याने ब्रिटनमध्ये आलेल्या, एकमेकांच्या ओळखीच्या चार इरिट्रियन तरुणांनी आयुष्य संपवले. अशा मृत्यूंच्या पार्श्वभूमीवर इरिट्रियन समाजातील मंडळींनी पुढाकार घेऊन अशा तरुणांसाठी ‘दारो युथ प्रोजेक्ट’ हा उपक्रम उभा केला. आपली भाषा बोलणारे, फोन उचलणारे कोणीतरी असावे, ही त्यामागची गरज होती.

पुढे काय?

स्कॉटलंडमध्ये अशा प्रत्येक मुलाला स्वतंत्र ‘पालक-मार्गदर्शक’ देण्याची व्यवस्था २०१० पासून आहे आणि आता तिला कायद्याचा आधार आहे. इंग्लंडमध्ये ती सर्व मुलांसाठी नाही. रात्रीपुरते बोलायचे तर उपाय फार खर्चीक नाहीत. पहिल्या काही आठवड्यांत सक्तीची जागती पाळी, रात्रीही मिळणारा दुभाषा, रात्रपाळीच्या कर्मचाऱ्याचे निरीक्षण दिवसाच्या बैठकीत मांडण्याची सोय आणि शक्यतो तेच ते चेहरे, एवढ्याने बराच फरक पडू शकतो. बालगृहाची तपासणी करताना भिंतीचा रंग आणि फाइली पाहिल्या जातात. मुलगा रात्री दिवा मालवून झोपू लागला का, हे मात्र रात्रपाळीच्या माणसालाच विचारावे लागेल.